अश्वशक्तीचा भाव

बीड जिल्ह्यात इंजिनाची पारख कुणाला शिकवावी लागत नाही. ट्रॅक्टर घ्यायला निघालेला शेतकरी आधी 'किती एचपी' असं विचारतो खरा, पण तेवढ्यावर तो सौदा करत नाही. उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना धारूरच्या घाटात दम टिकतो का, तासाला डिझेल किती खातो, पार्ट तालुक्याला मिळतो का, पाच-सात वर्षांनी विकला तर हातात काय येईल, एवढं सगळं तो विचारून घेतो. महिंद्रा ५७५ डीआय हा या भागातला ओळखीचा ट्रॅक्टर. चार सिलिंडर, २७३० सीसी, मिनिटाला १९०० फेरे आणि ताकद ४५ एचपीच्या घरात.

आता दुसरं इंजिन पाहावं. मर्सिडीज-एएमजी ए ४५ एस ही गाडी नोव्हेंबर २०२१ मध्ये भारतात आली, तेव्हा तिची एक्स-शोरूम किंमत ७९.५० लाख रुपये होती. तिचंही इंजिन चार सिलिंडरचंच, आकार १९९१ सीसी, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या पाऊणपटीपेक्षाही कमी. ताकद मात्र ४२१ अश्वशक्ती. शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठायला या गाडीला ३.९ सेकंद लागतात.

लहान इंजिनातून नऊपट ताकद येते कशी, ती ताकद कशाच्या बदल्यात मिळते आणि तिचा भाव कोण ठरवतं, या तीन प्रश्नांवर पुढची पानं उभी आहेत. आलिशान आणि स्पोर्ट्‌स गाड्यांची तुलना बहुतेक वेळा कोष्टकात होते. इंजिनाचा एक रकाना, वेगाचा एक, किमतीचा एक. हे रकाने सुटे सुटे वाचले की वाचकाची फसगत होते, कारण त्यातला प्रत्येक आकडा दुसऱ्याच्या आधारानं उभा असतो. ट्रॅक्टर घेताना माणूस जे प्रश्न विचारतो, तेच इथंही विचारायला हवेत.

मर्सिडीजचं नाव बीडच्या खेड्यांत परकं वाटत असेल, पण तिच्या घराण्यातलं इंजिन इथल्या रस्त्यांवर कित्येक वर्षं धावलं आहे. डाइमलर-बेंझनं १९७३ मध्ये '२४० डी' या गाडीत ओएम ६१६ नावाचं २.४ लिटरचं चार सिलिंडरी डिझेल इंजिन बसवलं. सुरुवातीला त्याची ताकद ६५ अश्वशक्ती होती, पुढे ती ७२ झाली. पिकअप बेताचाच. पण इंजिन इतकं टिकाऊ की जर्मनीतल्या टॅक्सीवाल्यांनी ते उचलून धरलं. ग्रीसमधल्या एका टॅक्सीचालकानं अशी गाडी, इंजिनं आळीपाळीनं दुरुस्त करून बसवत, ४६ लाख किलोमीटर चालवली आणि २००४ मध्ये ती मर्सिडीजच्या संग्रहालयाला दिली.

हेच इंजिन ऐंशीच्या दशकात डाइमलर-बेंझच्या परवान्यानं पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीकडे आलं. कंपनीचे संस्थापक नवलमल फिरोदिया हे बीडला लागून असलेल्या तेव्हाच्या अहमदनगरचे. टेम्पो ट्रॅव्हलर आणि ट्रॅक्स या दोन्ही गाड्या याच इंजिनावर उभ्या राहिल्या. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, आणि ट्रॅक्सच्या घराण्यातली तूफान, क्रूझर ही नावं मराठवाड्यात घरोघरी पोहोचली. तालुक्याच्या बाजाराला, लग्नाच्या वऱ्हाडाला, दवाखान्याला माणसं नेणारी गाडी ती हीच. आजच्या क्रूझरमध्ये २.६ लिटरचं कॉमन रेल इंजिन आहे, पण त्याचं मूळही मर्सिडीजच्या आराखड्यात सापडतं.

ओएम ६१६ आणि ए ४५ एसचं इंजिन एकाच कंपनीच्या दोन टोकांवरची अपत्यं. पहिल्याची ताकद लिटरमागे ३० अश्वशक्ती, दुसऱ्याची २११. हा सातपट फरक मुख्यतः हवेनं पडतो. पेट्रोल जाळायचं तर हवा लागते, आणि सिलिंडर जेवढा मोठा तेवढीच हवा त्यात मावते. टर्बोचार्जर ती हवा दाबून भरतो. ए ४५ एसमध्ये हा दाब २.१ बारपर्यंत जातो. एवढ्या दाबानं एवढी आग पेटवायची म्हणजे पिस्टन ओतीव चालत नाही, घडीव लागतो. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला वेगळा मुलामा द्यावा लागतो, तेल आणि पाणी थंड राखण्यासाठी जादा यंत्रणा लावावी लागते. जर्मनीतल्या अफाल्टरबाखच्या कारखान्यात असं एक इंजिन पहिल्या बोल्टपासून शेवटच्या बोल्टपर्यंत एकच कारागीर जोडतो आणि त्याच्या सहीची पट्टी इंजिनावर बसते. गाडीच्या किमतीचा बराचसा खुलासा इथंच होतो. आठवड्याला ठरलेला पल्ला तोडत वर्षानुवर्षं चालणं हे त्या इंजिनाचं काम नाही, आणि ट्रॅक्सच्या इंजिनाकडून कुणी ३.९ सेकंदांची अपेक्षा केली नाही.

कामगिरीच्या रकान्यात आणखी एक जोडी घोळ घालते: टॉर्क आणि अश्वशक्ती. बीडच्या रस्त्यांवर पुढाऱ्यांच्या ताफ्यात हमखास दिसणारी टोयोटा फॉर्च्युनर घ्यावी. तिच्या २.८ लिटर डिझेल ऑटोमॅटिकचा टॉर्क ५०० न्यूटन-मीटर. ए ४५ एसचा टॉर्कही बरोबर ५०० न्यूटन-मीटर. चाक फिरवण्याचा मूळ जोर सारखाच, तरी एकीची ताकद २०४ अश्वशक्ती आणि दुसरीची ४२१. कारण फॉर्च्युनर आपला सगळा जोर १६०० ते २८०० फेऱ्यांमध्ये लावून मोकळी होते, तर ए ४५ एस तोच जोर ५००० फेऱ्यांच्या पुढे नेते आणि ६७५० फेऱ्यांना कमाल ताकद देते. ताकद म्हणजे जोर गुणिले फेरे. शाळेतलं हेच गणित इथं कोटींच्या गाड्यांना लागू होतं. त्यात वजनाचा फरक पडतो. एक गाडी दोन टनांच्या वर, दुसरी सोळाशे किलोंच्या आसपास.

मांजरसुंब्याच्या घाटात सात माणसं आणि सामान घेऊन चढायचं असेल तर कमी फेऱ्यांना मिळणारा जोर कामाचा. मोकळ्या ट्रॅकवर वेग वाढवत न्यायचा असेल तर फेऱ्यांची वरची पट्टी कामाची. कोणतं इंजिन चांगलं, असा प्रश्न म्हणूनच अर्धवट राहतो. कशासाठी चांगलं, हे पुढे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

आलिशान गाडी आणि स्पोर्ट्‌स गाडी यांच्यातली सीमाही इथूनच आखली जाते. रोल्स-रॉइसच्या फँटमला ६.७५ लिटरचं बारा सिलिंडरी इंजिन आहे. ताकद ५७१ अश्वशक्ती, पण खरा आकडा दुसराच: ९०० न्यूटन-मीटर टॉर्क, आणि तोही अवघ्या १७०० फेऱ्यांना. इंजिन ओरडत नाही, धापा टाकत नाही, मागे बसलेल्या माणसाला गिअर बदलल्याचं कळतही नाही. अडीच टनांहून जड गाडी नि:शब्द हलवण्यासाठी ही सारी खटपट. ही कंपनी कित्येक वर्षं आपल्या गाड्यांची अश्वशक्ती जाहीरच करत नसे.

या प्रकारच्या गाडीचा बीडशी एक जुना धागा आहे. १९४८ पर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी रोल्स-रॉइसची एक सिल्व्हर घोस्ट मागवली होती. लंडनच्या बार्कर कंपनीनं तिच्यात मागच्या बाजूला सिंहासनासारखं उंच आसन बसवलं. १९११ मध्ये महबूब अली खान वारले आणि गाडी त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्या वाट्याला आली. ती मिरवणुकीसाठीच होती आणि पुढच्या काही दशकांत चारशे मैलसुद्धा धावली नाही. आज ती हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात पाहायला मिळते. सात लिटरहून मोठं, सहा सिलिंडरचं ते इंजिन वेगासाठी बनलेलंच नव्हतं. पायी चालणाऱ्या मिरवणुकीच्या गतीनं न अडखळता चालणं हीच त्याची परीक्षा.

स्पोर्ट्‌स गाड्यांच्या जगाचं शेतीशी असलेलं नातं तर फारच जवळचं. इटलीच्या शेतकरी घरात जन्मलेल्या फेरुचो लाम्बोर्गिनी यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराच्या टाकाऊ यंत्रांचे सुटे भाग वापरून ट्रॅक्टर बांधायला घेतले आणि १९४८ मध्ये ट्रॅक्टर कंपनी काढली. मोटारींचा कारखाना त्यानंतर १५ वर्षांनी, १९६३ मध्ये उभा राहिला. ॲस्टन मार्टिनच्या गाड्यांच्या नावातली 'डीबी' ही अक्षरं डेव्हिड ब्राऊन यांची. १९४७ मध्ये ही कंपनी विकत घेतली तेव्हा ते इंग्लंडमधले नावाजलेले ट्रॅक्टर उत्पादक होते. पोर्शच्या नावाचे डिझेल ट्रॅक्टर पन्नास आणि साठच्या दशकांत जर्मनीच्या शेतांत चालत होते. जमीन नांगरणाऱ्या इंजिनाची ज्यांना समज होती, त्यांनीच पुढे जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी काही घडवल्या. ही गोष्ट गेवराई-माजलगावच्या वर्कशॉपमध्ये पाना फिरवणाऱ्या पोरांनी आवर्जून वाचावी.

मराठी मुलखात आणि शेजारीही स्पोर्ट्‌स गाडी बांधण्याचे प्रयत्न झाले. गोव्यात सॅन मोटर्सनं नव्वदच्या दशकाच्या शेवटी 'स्टॉर्म' ही फायबरच्या बॉडीची छोटी दोन आसनी गाडी काढली. पुण्याजवळ दिलीप छाब्रिया यांच्या कंपनीनं 'अवंती' बांधली; ती २०१२ च्या ऑटो एक्स्पोत लोकांसमोर आली. अवंतीचं इंजिन आसनांच्या मागे, ताकद मागच्या चाकांना, अगदी परदेशी स्पोर्ट्‌स गाड्यांच्या धाटणीनं. दोन्ही गाड्यांत एक गोष्ट समान होती. इंजिन रेनोचं. स्टॉर्ममध्ये ११४९ सीसी आणि ६० अश्वशक्ती, अवंतीत दोन लिटरचा टर्बो आणि २५० अश्वशक्ती. देखणी बॉडी आपल्याकडचे कारागीर घडवू शकले, पण नव्या इंजिनाचा आराखडा करून, ते तपासून, प्रदूषणाच्या कसोटीतून पार करण्याचा खर्च थोड्या संख्येनं विकल्या जाणाऱ्या गाडीला पेलत नाही. म्हणून मोठमोठ्या कंपन्याही एकच इंजिन दहा गाड्यांत वापरतात आणि किंमत ठरवताना त्याचा विचार करतात.

किमतीकडे वळलं की यंत्र मागे पडतं आणि कर पुढे येतो. परदेशात पूर्ण तयार झालेली महागडी गाडी भारतीय बंदरावर एक कोटी रुपयांना पोहोचली, असं धरू. सीमाशुल्क आणि कृषी अधिभार मिळून ११० टक्के, म्हणजे किंमत दोन कोटी दहा लाख. त्यावर ४० टक्के जीएसटी, की आकडा दोन कोटी ९४ लाखांवर. मोठ्या गाड्यांवर हा ४० टक्क्यांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. त्याआधी जीएसटी आणि उपकर मिळून बोजा ५० टक्क्यांपर्यंत जाई. पासिंगच्या वेळी महाराष्ट्राचा रस्ताकर वेगळा. आयात गाडीला आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला तो २० टक्के, पण त्याची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून ३० लाख रुपये. एक कोटीचं यंत्र विक्रेत्याचा नफा आणि विमा धरण्याआधीच सव्वातीन कोटींच्या घरात पोहोचलं. 'तीन कोटींची गाडी' म्हणून जिच्याकडे लोक वळून पाहतात, तिच्यात दोन कोटींहून जास्त भाग कराचा आहे, हे ध्यानात ठेवूनच कोष्टक वाचावं.

हाच माल सुट्या भागांत आणून इथं जोडला तर मूळ आयात शुल्क १५ टक्क्यांवर येतं. पण त्यातही एक मेख आहे. २०११ च्या अर्थसंकल्पापासून सरकारनं इंजिन आणि गिअरबॉक्स आधीच जोडून आणणाऱ्यांना या सवलतीतून वगळलं. त्यांना दुपटीनं किंवा त्याहून जास्त शुल्क पडतं. मग परदेशी कंपन्यांना इंजिन भारतात जोडणारा भागीदार शोधणं भाग पडलं. बीएमडब्ल्यूनं चेन्नईत हे काम फोर्स मोटर्सकडे दिलं. मर्सिडीजची इंजिनं तर फोर्स मोटर्स नव्वदच्या दशकापासूनच जोडत होती. २०१६ पासून त्यासाठी चाकणला स्वतंत्र कारखाना आहे. तूफान आणि क्रूझर बनवणारी कंपनी मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूच्या इंजिनांचेही नटबोल्ट आवळते. महाराष्ट्रातल्या कारागिरीला मिळालेली ही मोठी पावती आहे, पण तिच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलं.

जोडणी इथं झाली की भाव किती उतरतो? मे २०२४ मध्ये जग्वार लँड रोव्हरनं रेंज रोव्हरची जुळणी पुण्यात करायचं जाहीर केलं, तेव्हा किमती १८ ते २२ टक्क्यांनी खाली आल्या. गाडी तीच, इंजिन तेच. मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात गाड्या जोडते आहे, चाकणचा कारखाना २००९ चा. मराठवाड्याचा वाटाही मोठा: बीडहून दोन-अडीच तासांवर असलेल्या शेंद्र्यात २००१ पासून स्कोडा आणि २००७ पासून ऑडीच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या.

घासाघीस करून भाव कसा खाली आणता येतो, हेही मराठवाड्यानंच दाखवलं. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकाच दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या. एकूण व्यवहार सुमारे ६५ कोटींचा. सरासरी काढली तर गाडीमागे ४३ लाख. भारतीय स्टेट बँकेनं ७ टक्के व्याजानं कर्ज दिलं, जे त्या काळच्या वाहनकर्जाच्या मानानं बरंच स्वस्त होतं. या बातमीची चर्चा देशभर झाली. काहींनी तिला श्रीमंतीचं प्रदर्शन ठरवलं, पण त्यामागची कल्पना सहकाराच्या मुलखात वाढलेल्या माणसांना सुचावी अशीच होती: एकेकट्यानं शोरूमच्या दारात उभं राहण्यापेक्षा दीडशे जणांनी मिळून कंपनीलाच टेबलावर बोलवावं. महागड्या गाडीची छापील किंमत अखेरची नसते, हा धडा आजच्या ग्राहकालाही लागू आहे.

आता रस्ता. बीडवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ उत्तरेला धुळ्यावरून इंदूरकडे जातो. इंदूरलगतच्या पिथमपूरला ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान चाचणी मार्ग २०२१ मध्ये सुरू झाला. ताशी तीनशेचा वेग देशात कुठे तपासायचा तर तिथं. त्याच महामार्गावर बीडजवळ एवढ्या वेगाचा विचारही करता येत नाही. समृद्धी महामार्गावर मर्यादा ताशी १२०, साध्या चौपदरी महामार्गावर १००. लाम्बोर्गिनीची हुराकान जमिनीपासून सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास उंच, आणि गावोगावचे गतिरोधक तिच्यासाठी बांधलेले नाहीत. जानेवारी २०१८ मध्ये तीन कोटींना आलेल्या ६५० अश्वशक्तीच्या उरुसला भारतात इतकी मागणी का, याचं एक उत्तर तिच्या उंचीत आहे. एअर सस्पेन्शनवर ती २४८ मिलिमीटरपर्यंत उचलता येते.

आणि इंधन. दाब जितका जास्त, तितकं पेट्रोल वेळेआधी पेटण्याचा धोका मोठा. म्हणून अशा इंजिनांना वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल लागतं. इंडियन ऑइलनं डिसेंबर २०२० मध्ये शंभर ऑक्टेनचं पेट्रोल आणलं, तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई आणि पुणे होती. दुसरीकडे देशभरच्या पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि त्यातलं काही इथेनॉल उसातून येतं. इथेनॉलचा ऑक्टेन चांगला, पण लिटरमागची ऊर्जा पेट्रोलपेक्षा एक तृतीयांशानं कमी, त्यामुळे ॲव्हरेज घटतं. ज्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात, त्या जिल्ह्याच्या घामाचा अंश आता कोटींच्या गाडीच्या टाकीतही पोहोचतो. तोडणीच्या दराची चर्चा आणि या गाड्यांची चर्चा एकाच महाराष्ट्रात चालते, आणि हा विषय हाती घेणाऱ्यानं दोन्हींचं भान ठेवायला हवं.

विजेच्या मोटारींनी मात्र सगळी जुनी कोष्टकं हलवली आहेत. चाकणला जुळणी होणारी मर्सिडीज ईक्यूएस ५८० सप्टेंबर २०२२ मध्ये १.५५ कोटींना आली. ताकद ५२३ अश्वशक्ती, आणि पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीत एका चार्जमध्ये ८५७ किलोमीटर. विजेच्या गाडीवर जीएसटी फक्त ५ टक्के, म्हणून पेट्रोल गाडीच्या तुलनेत तिच्या किमतीतला यंत्राचा वाटा मोठा. त्याहून महत्त्वाचं घडलं ते २०२४ च्या नोव्हेंबरात. महिंद्राची बीई ६ ही चाकणलाच बनणारी गाडी १८.९० लाखांपासून जाहीर झाली. तिचं मोठ्या बॅटरीचं मॉडेल २८६ अश्वशक्तीचं आहे आणि शंभरचा वेग ६.७ सेकंदांत गाठतं. एवढा पिकअप काही वर्षांपूर्वी परदेशी छापाच्या गाडीशिवाय मिळत नव्हता. विजेच्या मोटारीला पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण टॉर्क मिळतो, टर्बोची वाट पाहावी लागत नाही, घडीव पिस्टनचा खर्च नाही. निव्वळ वेग विकून आता कुणाला कोटी मागता येणार नाहीत. आवाज, हाताळणी, आतलं काम, ब्रेकची साथ यांवर भाव ठरेल, आणि तुलना तिथंच कठीण होते, कारण या गोष्टी सेकंदांत मोजता येत नाहीत.

पुढच्या पानांवरचे आकडे कसे वाचायचे, तेवढं सांगणं उरलं. कंपनी देते ती अश्वशक्ती इंजिनाच्या दांड्यावरची असते; चाकांपर्यंत येताना गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल तिच्यातला काही भाग खातात. शून्य ते शंभरचे सेकंद गुळगुळीत कोरड्या ट्रॅकवरचे, चांगल्या टायरांवरचे असतात. मे महिन्यात चाळिशी पार केलेल्या बीडच्या हवेत टर्बोलाही धाप लागते. किमती एक्स-शोरूम दिलेल्या असतात, म्हणून एमएच २३ किंवा अंबाजोगाईच्या एमएच ४४ पाटीपर्यंत पोहोचायला रस्ताकर आणि विमा वेगळा धरावा. व्यक्तीच्या नावावरच्या, इथं जोडलेल्या, २० लाखांच्या वरच्या पेट्रोल गाडीला रस्ताकर १३ टक्के, डिझेलला १५. सर्व्हिससाठी गाडी कुठे न्यावी लागेल, हे त्या त्या कंपनीकडून आधीच लिहून घ्यावं. टायरचा एक जोड, ब्रेकचं पॅड आणि विंडशील्ड यांचे भाव सौद्याच्या आधी विचारावेत, नंतर नाही.